कंबर दुखतेय, मग डॉक्टर वडिलांच्या दारूबद्दल का विचारतात? ओपिऑइड देण्याआधीची 'रिस्क' तपासणी समजून घ्या

वर्षभर कंबर दुखतेय. फिजिओथेरपी झाली, पट्टा झाला, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या सगळ्या गोळ्या खाऊन झाल्या. शेवटी पेशंट पेन क्लिनिकमध्ये पोहोचतो आणि डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला दारूचं व्यसन होतं का? रात्री घोरता का? झोपेची गोळी घेता का? डिप्रेशनवर कधी उपचार घेतलेत?"

दुखतेय कंबर आणि चौकशी चाललीय सगळ्या खानदानाची, असं वाटून कुणीही वैतागेल. काही जण सरळ "नाही, नाही" म्हणून मोकळे होतात, विशेषतः शेजारच्या खुर्चीत सासू किंवा मुलगा बसलेला असेल तर. पण हे प्रश्न चारित्र्य तपासण्यासाठी नसतात. डॉक्टर ओपिऑइड गटातलं औषध द्यायचा विचार करत असतील, तर त्यांना दोन गोष्टींचा अंदाज घ्यायचा असतो. या माणसाला औषधाची लत लागण्याची शक्यता किती? आणि या गोळीने त्याचा श्वास मंदावण्याची शक्यता किती?

पहिल्या प्रश्नाची चर्चा खूप होते. दुसरा मात्र बहुतेकांना माहीतच नसतो.

ओपिऑइड म्हणजे कोणती औषधं?

अफूपासून मिळणारी किंवा अफूसारखंच काम करणारी वेदनाशामकं. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, ऑक्सिकोडोन ही त्यातली काही नावं. भारतात सर्वसामान्य पेशंटच्या चिठ्ठीवर दिसण्याची शक्यता जास्त ती ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉलची. पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गटात येत नाहीत. मात्र ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकाच गोळीत मिळतं, त्यामुळे आपण ओपिऑइड घेतोय हे अनेकांच्या गावीही नसतं. 'जरा स्ट्राँग पेनकिलर' एवढंच त्यांना ठाऊक असतं.

ऑपरेशननंतर दोन-चार दिवस किंवा कॅन्सरच्या वेदनेत ही औषधं अमूल्य आहेत. वाद आहे तो जुनाट वेदनेचा, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या कंबरदुखी, गुडघेदुखी, नसांच्या दुखण्याचा. कारण इथे गोळी चार दिवसांत थांबत नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. रोज चार कप चहा पिणाऱ्याला एक दिवस चहा मिळाला नाही की त्याचं डोकं दुखतं. ओपिऑइड काही आठवडे रोज घेतलं की शरीराला त्याची अशीच, पण कितीतरी तीव्र सवय होते आणि अचानक बंद केलं तर घाम, जुलाब, अंगदुखी, तगमग सुरू होते. हे जवळपास कुणालाही होऊ शकतं. याला व्यसन म्हणत नाहीत. नुकसान होतंय हे दिसत असूनही औषधाची ओढ आवरत नाही, काम, नाती, पैसा सगळं त्यामागे जातं, तेव्हा ते व्यसन. डॉक्टरांची चौकशी मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीसाठी असते.

पाच वाक्यांचं पत्र आणि त्याची किंमत

ही चौकशी एवढी महत्त्वाची का झाली, हे कळायला अमेरिकेत जावं लागतं.

१० जानेवारी १९८० रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. बोस्टनच्या संशोधकांनी लिहिलं होतं की, रुग्णालयात दाखल असताना अशी औषधं मिळालेल्या ११,८८२ पेशंटपैकी, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांमध्ये, व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांच्या बाबतीत सापडली. पत्रातली माहिती होती दाखल पेशंटची. घरी बसून महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

तरीही पुढची अनेक वर्षं 'पेशंटला ओपिऑइडचं व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून हेच पत्र फिरत राहिलं. कॅनडातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मोजदाद केली, तेव्हा ६०८ ठिकाणी त्याचा हवाला दिलेला आढळला. त्यातल्या पाचपैकी चार लेखकांनी हे पेशंट रुग्णालयात दाखल होते, हे सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डला नावं ठेवतात, पण इथे तर पदवीधर डॉक्टर न वाचता फॉरवर्ड करत होते.

१९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही हळूहळू विरघळणारी गोळी बाजारात आणली आणि तिच्यात व्यसनाचा धोका कमी असल्याचा प्रचार केला. २००७ मध्ये या दिशाभुलीबद्दल कंपनीने अमेरिकी कोर्टात गुन्हा कबूल केला. दंड आणि भरपाई मिळून रक्कम ६० कोटी डॉलरच्या वर होती. २०२० मध्ये कंपनीने पुन्हा गुन्हे कबूल केले. पण गोळ्या थांबल्या नव्हत्या. २०१२ मध्ये अमेरिकेत ओपिऑइडच्या सुमारे २५.५ कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. म्हणजे तान्ह्या बाळांसकट दर १०० माणसांमागे ८१.

आज तिथे ओव्हरडोसने होणारे बहुतेक मृत्यू बेकायदा फेंटानिलमुळे होतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीमुळे नाही. पण सुरुवात औषधाच्या बाटलीपासून झाली होती.

मग माणसाला मार्क द्यायला सुरुवात झाली

कुणाला औषध द्यावं आणि कुणाच्या बाबतीत जपून राहावं, हे आधीच ओळखता आलं तर? या विचारातून प्रश्नावल्या तयार झाल्या. त्यातली सर्वात प्रसिद्ध म्हणजे २००५ मध्ये डॉ. लिन वेब्स्टर यांनी मांडलेलं 'ओपिऑइड रिस्क टूल'. एका पानाचं काम. कुटुंबात किंवा स्वतःला दारू, अमली पदार्थ किंवा औषधांचं व्यसन होतं का, वय १६ ते ४५ मध्ये आहे का, लहानपणी लैंगिक अत्याचार झाला होता का, मानसिक आजार आहे का. प्रत्येक 'हो'ला ठरलेले गुण. बेरीज ३ पर्यंत आली तर कमी धोका, ४ ते ७ मध्यम, ८ किंवा जास्त म्हणजे मोठा धोका.

पाच मिनिटांत होणारं काम असल्याने हे जगभर पसरलं. पण एक उदाहरण करून बघा. चाळिशीतली एक बाई. वडिलांना दारूचं व्यसन होतं, स्वतः डिप्रेशनवर उपचार घेतलेत. वडिलांच्या दारूचा १, वयाचा १, डिप्रेशनचा १. एकूण ३, म्हणजे 'कमी धोका'. आता तिचा सख्खा भाऊ घ्या. तेच वडील, तेच वय, तोच आजार. पण पुरुषाला घरातल्या दारूचे ३ गुण मिळतात. बेरीज ५, म्हणजे 'मध्यम धोका'.

उलटा प्रकार लैंगिक अत्याचाराच्या प्रश्नात. 'हो' म्हणणाऱ्या बाईला ३ गुण आणि पुरुषाला शून्य. म्हणजे बालपणी जिच्यावर अत्याचार झाला, तिच्याच उपचाराच्या फाइलवर त्यामुळे लाल खूण. यावर टीका झाली. २०१९ मध्ये या प्रश्नावलीची सुधारित आवृत्ती आली, तिच्यातून हा प्रश्न काढून टाकला आणि गुणांमधला बाई-पुरुष फरकही गेला.

मूळ अभ्यास एकाच पेन क्लिनिकमधल्या १८५ नव्या पेशंटचा होता. वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. गोळ्या वेळेआधी संपवणं, 'हरवल्या' म्हणून पुन्हा मागणं, दोन डॉक्टरांकडून एकच औषध घेणं, असं काही होतंय का ते पाहिलं. 'कमी धोका' गटातल्या १८ पैकी १७ जण नीट वागले आणि 'मोठा धोका' गटातल्या ४४ पैकी ४० जणांच्या बाबतीत गडबड दिसली. आकडे झकास आहेत. अडचण अशी की इतर संशोधकांनी इतर ठिकाणी हेच करून पाहिलं, तेव्हा असा स्वच्छ निकाल पुन्हा मिळाला नाही. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने, म्हणजे सीडीसीने, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्टच म्हटलंय की, अशा प्रश्नावल्यांच्या भरवशावर धोका नेमका ओळखता येत नाही. 'कमी धोका' आला म्हणून डॉक्टरांनी निर्धास्त होऊ नये.

ते साहजिकही आहे. खरं उत्तर दिलं तर औषध मिळणार नाही, असं ज्याला वाटतं तो खोटं उत्तर देणार. ज्याची लत सगळ्यात जुनी, त्याला 'बरोबर' उत्तरंही सगळ्यात आधी पाठ होणार.

कॉम्प्युटरने हे काम जास्त चांगलं होईल अशीही आशा होती. अमेरिकेत कुणाला कोणती नियंत्रित औषधं मिळाली याची राज्यनिहाय नोंद असते आणि त्यावरून सॉफ्टवेअर स्कोअर काढतं. २०२१ मध्ये 'वायर्ड' मासिकाने एका महिलेची हकीकत छापली. तिला उपचार नाकारले गेले होते. नंतर तिच्या लक्षात आलं की तिच्या पाळीव प्राण्यांसाठी घेतलेली औषधंही तिच्याच नावावर दिसत होती.

धोका माणसात किती आणि गोळीत किती?

प्रश्नावल्यांचा सगळा भर 'हा माणूस कसा आहे' यावर. पण धोक्याचा मोठा वाटा गोळीचा डोस, तिच्यासोबतची औषधं आणि ती किती दिवस घेतली यात असतो. आणि हे पेशंटचं मन न ओळखताही तपासता येतं.

ओपिऑइडमुळे मेंदूतलं श्वासावर नियंत्रण ठेवणारं केंद्र मंदावतं. डोस जास्त झाला की माणूस गाढ झोपतो, श्वास उथळ होत जातो आणि थांबतो. ओव्हरडोसने मृत्यू होतो तो असा. त्यासाठी व्यसनी असण्याची गरज नाही. सत्तर वर्षांच्या आजींना, ज्यांनी आयुष्यात कधी पानसुद्धा खाल्लं नाही, हा धोका असू शकतो. त्यांची किडनी नीट काम करत नसेल तर मॉर्फिनचे घटक शरीरात साठत जातात. त्या रात्री मोठ्याने घोरत असतील आणि मध्येच श्वास अडकत असेल, तर स्लीप अ‍ॅप्नियाची शंका घ्यावी लागते. आणि त्या झोपेसाठी अल्प्राझोलमची गोळी घेत असतील तर धोका आणखी वाढतो, कारण दोन्ही औषधं श्वास मंदावतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ पासून या जोडीवर सर्वात कडक इशारा छापायला लावलाय. दारूचंही तेच. 'घोरता का' या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं.

ट्रॅमाडॉलच्या काही खास भानगडी आहेत. ते फिट येण्याचा धोका वाढवतं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबत घेतलं तर शरीरात सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. म्हणून 'डिप्रेशनवर उपचार घेतलेत का' हा प्रश्न केवळ मनाबद्दल नसतो, चालू औषधांबद्दलही असतो.

डोस मोजायला डॉक्टर प्रत्येक ओपिऑइडचं मॉर्फिनमध्ये रूपांतर करतात. सीडीसीच्या २०२२ च्या तक्त्यानुसार ट्रॅमाडॉलचे मिलिग्रॅम ०.२ ने गुणायचे. ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा, म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे ४० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या बरोबरीचं. याच सूचनांनुसार ५० च्या आसपास पोहोचलं की डॉक्टरांनी थांबून पुन्हा विचार करावा. 'साधी' वाटणारी गोळी त्या रेषेपासून फार लांब नाही.

दिवसांचंही गणित आहे. अमेरिकेतल्या विमाधारक, कॅन्सर नसलेल्या पेशंटच्या नोंदींचा सीडीसीचा अभ्यास २०१७ मध्ये आला. ज्यांची पहिली चिठ्ठी किमान एका दिवसाची होती, त्यांच्यापैकी ६ टक्के लोक वर्षानंतरही ओपिऑइडवर होते. पहिली चिठ्ठी ८ किंवा जास्त दिवसांची असेल तर १३.५ टक्के, ३१ किंवा जास्त दिवसांची असेल तर २९.९ टक्के. ज्यांचं दुखणं मोठं त्यांना जास्त दिवसांच्या गोळ्या मिळणार, हे खरंच. तरी पहिल्या चिठ्ठीतला गोळ्यांचा आकडा हा केवळ हिशोबाचा भाग नाही, हे यातून दिसतं.

पण मुळात उपयोग होतो का?

हा प्रश्न खरं तर आधी यायला हवा. धोका पत्करायचा तो कशाच्या बदल्यात?

अमेरिकेत मिनियापोलिसमधल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत २४० पेशंटवर चाचणी झाली. सगळ्यांना कंबर, खुबा किंवा गुडघ्याचं जुनाट दुखणं. अर्ध्यांना ओपिऑइड, अर्ध्यांना इतर औषधं. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर दैनंदिन हालचालींत दोन्ही गट सारखेच होते. वेदना तर ओपिऑइड न घेणाऱ्यांची किंचित कमी होती, दुष्परिणामही कमी.

म्हणून चांगला डॉक्टर गोळी सुरू करण्याआधी 'दुखणं दहापैकी किती' एवढंच विचारत नाही. जिना चढायचाय का, नातवाला उचलायचंय का, दुकानात चार तास उभं राहायचंय का, हे ठरवून घेतो. काही आठवड्यांनी ते जमत नसेल तर गोळी वाढवायची की थांबवायची, याचं बोलणं गोळी सुरू करण्याआधीच झालेलं असतं.

धोका जास्त निघाला तर औषध नाकारायचं?

अमेरिकेने हेही करून पाहिलं. २०१६ मध्ये सीडीसीने डोसच्या मर्यादा सुचवल्या. त्या सूचना होत्या, पण राज्यांनी, विमा कंपन्यांनी आणि घाबरलेल्या डॉक्टरांनी त्यांना कायदा मानलं. वर्षानुवर्षं गोळ्यांवर असलेल्या, नीट काम करणाऱ्या लोकांचे डोस एका भेटीत निम्मे झाले. काहींना डॉक्टरांनी दारच बंद केलं. २०१९ मध्ये औषध नियामकाला इशारा द्यावा लागला की अचानक गोळ्या तोडल्याने असह्य वेदना, मानसिक कोसळणं आणि आत्महत्या घडत आहेत. २०२१ मध्ये १ लाख १३ हजारांहून जास्त पेशंटच्या नोंदी तपासलेला अभ्यास आला. डोस कमी केलेल्यांमध्ये ओव्हरडोस आणि मानसिक संकटाचं प्रमाण जास्त आढळलं.

२०२२ च्या सूचनांतून मग त्या कठोर रेषा गेल्या. वर्षाहून जास्त काळ औषध घेणाऱ्याचा डोस कमी करायचाच असेल, तर महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश, असं त्यात म्हटलंय.

'मोठा धोका' याचा अर्थ 'नको' असा नाही, तर 'जास्त लक्ष हवं' असा. महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या. एकच डॉक्टर, एकच मेडिकल. गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाकडे. मानसोपचारतज्ज्ञ सोबतीला. गरज असेल तर कमी धोक्याचं ब्युप्रेनॉर्फिन. काही ठिकाणी लघवीची तपासणीही करतात, पण तिचंही ऐकून घेताना जपावं लागतं. अफूजन्य औषधांची साधी चाचणी ट्रॅमाडॉल किंवा फेंटानिल पकडत नाही. म्हणजे नियमित ट्रॅमाडॉल घेणाऱ्याचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' येईल आणि डॉक्टरला वाटेल, हा गोळ्या विकतोय की काय!

भारतात चित्र काय?

इथे दोन संकटं एकाच वेळी आहेत. 'एम्स'च्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालानुसार देशातले सुमारे २ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ओपिऑइड वापरतात आणि त्यात हेरॉइनपाठोपाठ औषधी गोळ्यांचा नंबर लागतो. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. २०२५ च्या फेब्रुवारीत पालघरमधल्या एका कारखान्यातून टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचं बीबीसीने उघड केलं, त्यानंतर केंद्राने या मिश्रणाच्या उत्पादन आणि निर्यातीच्या परवानग्या मागे घेण्याचे आदेश दिले.

दुसरीकडे, कायदेशीर अफू पिकवणाऱ्या या देशात मरणासन्न पेशंटला मॉर्फिन मिळत नाही. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के वेदनाशामक ओपिऑइड उपलब्ध होतं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची साखळी सोपी झाली, मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी स्वतंत्र पॅलिएटिव्ह विभागही आहे. पण भीती कायद्याहून हळू बदलते.

त्यामुळे अमेरिकेची प्रश्नावली जशीच्या तशी इथे लावण्यात धोका आहे. सीडीसीच्या सूचनांमधून कॅन्सरचे उपचार, पॅलिएटिव्ह केअर आणि सिकलसेलच्या वेदना मुद्दाम वगळल्या आहेत. विदर्भात आणि नंदुरबारमध्ये सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. मध्यरात्री तीव्र वेदनेने आलेल्या अशा तरुणाने औषधाचं नाव घेऊन मागणी केली तर त्यामागे बहुधा अनुभव असतो. त्याला कशाने बरं वाटतं, हे त्याला ठाऊक असतं.

पेशंटने काय करायचं?

सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यायची, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेलीही. पेशंटची औषधं एका क्लिकवर दाखवणारी यंत्रणा आपल्या डॉक्टरांकडे सहसा नसते, त्यामुळे ती पिशवीच त्यांची नोंदवही. दारू, झोपेच्या गोळ्या, घोरणं, जुनं व्यसन याबद्दल नातेवाइकांसमोर बोलायचं नसेल तर "दोन मिनिटं एकट्याशी बोलायचंय" म्हणावं. ओपिऑइड सुरू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नये. शिल्लक पट्टी शेजारच्या काकांच्या गुडघ्यासाठी देऊ नये, त्यांच्या किडनीचं आणि झोपेच्या गोळीचं आपल्याला काही माहीत नसतं. सोडायचीय पण सुटत नाही असं वाटत असेल तर व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

आणि गोळी घेतलेला माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास अगदी संथ किंवा घरघरता असेल, ओठ निळसर पडले असतील, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर झोपू देऊ नये. १०८ ला फोन करावा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावं आणि पाकीट सोबत घेऊन जावं. ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन नावाचं औषध असतं, पण नेमकं काय घेतलंय हे डॉक्टरांना जितक्या लवकर कळेल तितकं बरं.